तीट लावलेली चित्रं

बालवाडीत रंगाचा कोपरा कुठं करावा, याचं उत्तर माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत एक होतं आणि मुकुंदवाडीत दुसरंच निघालं. वहीत लिहिलं होतं: नळाजवळ, भरपूर उजेडाच्या खिडकीपाशी, दारापासून दूर. आमच्या वर्गाला खिडकी एकच. तिच्याखाली शेजाऱ्यांची म्हैस बांधलेली, त्यामुळे ती उघडायची सोय नव्हती. नळ रस्त्याच्या पलीकडं, आणि त्याला पाणी एक दिवसाआड. आणि दारापासून दूर जायचं म्हटलं, तर भिंत फोडून मागच्या गल्लीतच निघायला हवं होतं, एवढीशी ती खोली. शेवटी उजेड जिथं होता तिथं, म्हणजे थेट दारातच कोपरा मांडला. पुढं जे घडलं त्यात या दाराचा थोडा वाटा आहे, म्हणून हे आधी सांगून टाकते.

सिडकोची घरं उभी राहत होती तेव्हाची ही गोष्ट. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला लागलेली माणसं मुकुंदवाडीत खोल्या धरून राहत होती आणि त्यांच्या तीन ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी एका संस्थेनं बालवाडी काढली होती. तिथली बाई म्हणजे मी. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही, आणि डोक्यात प्रशिक्षणाचं वारं भरलेलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात कसली आलीय मांडणी? कागद द्यायचा, रंग द्यायचा, पोरं बसवायची. मी पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं. पाच मिनिटांत निळा रंग फरशीवर, गेरू एकीच्या वेणीत, आणि एका पोरानं हळदीचा रंग पिऊन टाकलेला. त्याला वाटलं, आज दूध आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले. चार विटांचा चौकोन केला, मध्ये वाळू भरली आणि रंगाच्या डब्या त्या वाळूत रुतवल्या. धक्का लागला तरी डबी कलंडत नाही. प्रत्येक डबीत एकच ब्रश आणि तो त्याच डबीत परत जायचा. ब्रश म्हणजे कडुलिंबाच्या दातणाचं टोक ठेचून केलेला कुंचला, नाहीतर न्हाव्याकडून आणलेले झिजलेले दाढीचे ब्रश. ते फार उत्तम. आखूड, जाड, लहान मुठीत बसणारे. रंग चारच: गेरू, हळद, नीळ आणि काजळी. मैद्याची पातळ खळ शिजवून त्यात ते कालवायचे, म्हणजे ओघळत नाहीत. कागद कारखान्यांतून यायचा, एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा. मुलांच्या कपड्यांवर घालायला त्यांच्या बापांचे कंपनीचे जुने शर्ट, बाह्या कापून, पुढची बाजू मागं करून. असे चार शर्ट चार खिळ्यांवर. खिळे पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर ठोकलेले. शर्ट मोकळा असेल तर रंगवायला यायचं, नसेल तर थांबायचं. या एका गोष्टीनं माझा घसा वाचला. मी कधीही कुणाला 'नंबर लाव' म्हटलं नाही, शर्टच बोलायचे.

हे सगळं मांडलं मी, पण चाललं ते गयामावशींमुळं. गयामावशी आमच्या मदतनीस. गाव पिशोर, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मागच्या गल्लीत त्यांची खोली आणि त्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू. बालवाडी घराजवळ, म्हणून त्या ही नोकरी करू शकत होत्या. मधल्या सुट्टीत पळत जाऊन सासूला चार घास भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि पोरं हात धुऊन बसायच्या आत परत यायच्या. गोष्टीतला जीव या धावपळीत आहे, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

रंगाचा कोपरा करायचा म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, "करा की. अन् हात धुवायला पानी? ते तुमच्या वहीत लिव्हलंय का कुटं?"

लिहिलं नव्हतं. वहीत नळ गृहीत धरला होता. मावशी रोज सकाळी दोन घागरी आणायच्या, नळाला पाणी नसेल त्या दिवशी घरच्या साठ्यातून, त्यात प्यायचं, फरशीचं आणि सगळं. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तीन घमेली ओळीनं मांडली. पहिल्यात रंगानं बरबटलेला हात बुचकळायचा, दुसऱ्यात चोळायचा, तिसऱ्यात नुसता खळखळवायचा. पहिलं घाण झालं की ते दारातल्या लिंबाच्या रोपाला, दुसरं पहिल्याच्या जागी, तिसरं दुसऱ्याच्या जागी, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. बारा-पंधरा पोरांचे हात एका घागरीत. मी कितीतरी प्रशिक्षणांत ही पद्धत शिकवली आणि बायकांनी ती वहीत उतरवून घेतली. ती मावशींची आहे हे प्रत्येक वेळी सांगितलंच असं नाही.

अडचणी आल्याच. हळदीचा डाग साबणानं धुतला की लालभडक होतो, हे मला सैपाकघरात राहूनही सुचलं नव्हतं. एक आई मुलाचा सदरा घेऊन धावत आली, "बाई, लेकराला कुटं लागलं? धुतंय तसं रगत निघतंय." तिला मी पदरावर हळद लावून, साबण लावून दाखवलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. आणि खळीचा रंग उंदरांना आवडतो. पहिल्या महिन्यातली चित्रं त्यांनी कडेनं कुरतडून टाकली. तेव्हापासून वाळलेली चित्रं दारातल्या दोरीवर चिमट्यांनी टांगायची पद्धत पडली. तिथं उंदीर पोचत नव्हते, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर पोचत होती.

आता नियम सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. मुलाला 'हे काय काढलंस?' विचारायचं नाही. त्यानं काही काढलेलंच नसतं बऱ्याचदा, रंग कसा पसरतो ते पाहत असतो. 'छान' म्हणायचं नाही, चांदणी द्यायची नाही, पहिला-दुसरा काढायचा नाही. आणि मोठ्या माणसानं मुलाच्या चित्राला बोट लावायचं नाही. नाक राहिलं म्हणून नाक काढून द्यायचं नाही. हे नियम मला तेव्हाही पटले होते, आजही पटतात. पालकांना मात्र ते मुळीच पटत नसत. "नुसतं फासायला शिकवता का? मोर काढून दाखवा की, पोरगं गिरवंल," असं एका वडिलांनी मला तोंडावर सुनावलं होतं.

माझी आवडती फासणारी म्हणजे रुखसाना. रिक्षावाल्याची मुलगी, चार वर्षांची, बोलायला कमी. ती शर्ट चढवायची आणि मग तिला जग दिसायचं नाही. निळा लावायची, त्यावर पिवळा, त्यावर गेरू, त्यावर काळा. वाळू द्यायची नाही. शेवटी सगळं मिळून चिखलाच्या रंगाचं व्हायचं, कधी कागद मध्यभागी फाटायचा. मग ती ब्रश डबीत ठेवायची आणि म्हणायची, "हो गया." तिच्याइतकं मन लावून काम करणारं माणूस मी त्या वर्गात दुसरं पाहिलं नाही, आणि त्यात मी स्वतःही आले.

साधारण दिवाळीनंतर मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागलं. दोरीवरची चित्रं एकसारखी व्हायला लागली. दोन डोंगर, मधून वर आलेला सूर्य, एक घर, घराला दार. आधी एकानं काढलं, मग तिघांनी, मग निम्म्या वर्गानं. मला वाटलं, घरी मोठी भावंडं शिकवत असतील. एक दिवस रुखसानानंही दोन डोंगर काढले. ओढूनताणून, जीभ दातांत धरून, आणि काढून झाल्यावर 'हो गया' न म्हणता माझ्याकडं बघत उभी राहिली. मला ते अजिबात आवडलं नाही.

दोन दिवसांनी तिची आई आली. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, एक बात पूछूं? बुरा नको मानो."

"विचारा ना."

"सब बच्चों के कागज कू टीका लगाते तुम. मेरी बच्ची के कागज कू कायकू नहीं लगाते? घर पे आके रोती."

मला काही कळेना. कसला टीका? तिनं दोरीवरच्या एका चित्राचा खालचा कोपरा धरून माझ्यापुढं केला. तिथं काजळाचा एक ठिपका होता. दुसऱ्या चित्रावर होता. तिसऱ्यावर होता. रुखसानाचे दोन डोंगर सोडले, तर सगळ्या डोंगर-सूर्यांवर होता. मी रोज ती चित्रं टांगलेली पाहत होते, आणि तो ठिपका मला दिसला नव्हता. चार वर्षांच्या पोरांना मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होता.

पोरं गेल्यावर मी मावशींना विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

"तीट हाय."

"ते कळलं. पण कशाला?"

"आता घ्या. लेकरांनी येवढं देखनं काढलेलं, दारात टांगलेलं. येनारा-जानारा उभा ऱ्हाऊन बघतो. नजर नाय लागनार?"

"कागदाला?"

"कागदाचं काय करायचंय, बाई. लेकराच्या हाताला."

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "मग रुखसानाच्या चित्राला का नाही?"

मावशींनी जराही न अडखळता सांगितलं, "तिच्या कागदाकडं कोन बघतंय नजर लावाया?"

यात दुष्टपणा नव्हता. मावशी खोटं बोलत नव्हत्या. ज्याला नजर लागेल असं वाटलं त्याला त्या तीट लावत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांना घर, डोंगर, सूर्य देखणे दिसत होते. मी चांदण्या देत नव्हते, 'छान' म्हणत नव्हते, आणि माझ्या वर्गात दोन महिने रोज काजळानं पहिला नंबर काढला जात होता. पोरांना तो कळला होता आणि त्यांनी तो मिळवायचा रस्ताही शोधला होता.

त्या वेळी काय करायला हवं होतं, ते आज मला पाठ आहे. दोरी दारातून काढून आतल्या भिंतीला बांधायची, मावशींना नियम समजावून सांगायचा, विषय संपला. पण मला मावशींची तीट मनातून आवडली होती. कागदाला नाही, हाताला, हे वाक्य माझ्या वहीतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा मला बरं वाटलं. म्हणून मी मधला मार्ग काढला. म्हटलं, "मावशी, उद्यापासून सगळ्यांच्या चित्रांना लावा. रुखसानाच्या आधी."

मावशींचा चेहरा पडला. "मनात नसताना लावू? ती लागू नाय पडत, बाई."

"मग मनात येईपर्यंत तिच्याजवळ बसून बघा," मी म्हटलं, जरा ठसक्यातच.

दुसऱ्या दिवशी मावशी खरोखरच हातातलं काम टाकून रुखसानाजवळ उकिडव्या बसल्या. नियम त्यांना माहीत नव्हते, त्यामुळं त्यांनी सरळ विचारलं, "हे काय हाय गं, माय?"

आणि रुखसाना बोलली. मला कधीच काही न सांगणारी ती पोरगी हात न थांबवता सांगत गेली. "ये अब्बा की रिक्षा. अब धूल आई. अब अब्बा ने धो डाली. फिर से धूल आई. अब बारिश आई, रिक्षा नहीं दिखती. अंदर है."

मावशी बराच वेळ त्या चिखलाकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, ह्याच्यात तं समदंच हाय की. आपल्याला वरून दिसत नाय, येवढंच." त्यांनी कमरेची डबी काढली, करंगळीवर काजळ घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यात तीट लावली. मनापासून लावली, हे मी शपथेवर सांगेन. नियमाप्रमाणं 'काय काढलंस' हा प्रश्न चुकीचा होता. त्या दिवशी मी तो चुकीचा धरला नाही.

पुढचे काही दिवस वर्गात फार चांगले गेले. सगळ्यांच्या कागदाला तीट लागू लागली, त्यामुळं ती मिळवायची धडपड संपली. डोंगर-सूर्य कमी होत गेले. रुखसाना पुन्हा चिखल करू लागली. मावशी पोरांजवळ बसून ऐकायला लागल्या आणि मधल्या सुट्टीत सासूकडं जाताना एखादं चित्र पदराखाली घेऊन जायच्या. "म्हातारीला दाखवते. भिंतीकडं बघून बघून विटली ती," म्हणायच्या.

आणि मग तपासणी आली.

संस्थेच्या पर्यवेक्षिका आमच्याकडं वर्षातून दोनदा येत. बाई कडक, पण अन्यायी नव्हत्या. मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या त्या भेटीच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मी कोपरा आदल्या दिवशी लख्ख करून ठेवला होता. त्यांनी विटांचा चौकोन पाहिला, शर्टांचे खिळे पाहिले, तीन घमेली पाहून तर 'हे फार चांगलं आहे' म्हणाल्या. मी नुसती मान डोलावली. मग त्या दोरीपाशी गेल्या. एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, चष्मा लावून तिसऱ्याचा कोपरा पाहिला.

"हे काळे ठिपके कसले आहेत?"

मी म्हटलं, "तीट आहे. नजर लागू नये म्हणून."

"मुलं लावतात?"

"नाही."

"बालकाच्या चित्रावर मोठ्या माणसाचा हात लागायचा नाही, हे प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितलेलं आहे. आणि नजर वगैरे आपण इथं शिकवायचं? कोण करतं हे?"

मावशी तिसऱ्या घमेल्यात पाणी ओतत होत्या. पोरं आपापल्या कागदावर वाकलेली होती. मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. घाबरून, गोंधळून तोंडातून निघालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी म्हटलं, "मदतनीस करतात. मी सांगून पाहिलं."

पहिलं वाक्य अर्धं खरं होतं. दुसरं धडधडीत खोटं होतं. सांगून पाहिलं नव्हतंच, उलट सगळ्यांना लावायला मीच सांगितलं होतं.

पर्यवेक्षिका मावशींकडं वळल्या. "खरं का हो?"

मावशींनी घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले. "व्हय. मीच लावते."

एवढंच. बाईंनी सांगितलं, असं म्हणायला त्यांना एक श्वास पुरला असता. त्या म्हणाल्या नाहीत. घागर उचलून त्या पुन्हा पाणी ओतायला लागल्या.

शेरा चांगला आला. त्यात कोपऱ्याचं कौतुक होतं, पाण्याच्या पद्धतीचं कौतुक होतं, 'मदतनीसाच्या वर्तनाबाबत स्वतंत्र कळवत आहे' असं शेवटी होतं. पंधरा दिवसांत संस्थेचं पत्र आलं. करमाडला नवी बालवाडी निघत होती, तिथं अनुभवी मदतनीस हवी होती, म्हणून गयाबाईंना तिकडं पाठवत आहोत. कागदावर ती शिक्षा नव्हती. पण करमाड म्हणजे जालना रस्त्यानं एसटीचा प्रवास. सकाळी निघालं की संध्याकाळीच घर. मधल्या सुट्टीत सासूला भरवायला पळत येणं संपलं.

शेवटच्या दिवशी मावशींनी घमेली घासून पालथी घातली. मी म्हटलं, "मावशी, मी बोलते त्यांच्याशी."

"बोला," त्या म्हणाल्या.

मी बोलले नाही. त्याच महिन्यात माझं कायम झाल्याचं पत्र आलं, आणि आलेलं पत्र हातात धरून कुणाशी काय बोलायचं, हे मला सुचेना. मावशींनी सासूला पिशोरला दिराकडं नेऊन ठेवलं, असं गल्लीतून कळलं. दीर-जावेचं घर शेतात, दोघंही दिवसभर बाहेर. दारातली दोरी मी आतल्या भिंतीला बांधली. रुखसाना आठ दिवस विचारत होती, "मावशी किधर गई?" मग विचारायची थांबली. मुलं पुढं जातात. जायलाच हवीत. मला मात्र मधल्या सुट्टीत त्या गल्लीकडं बघवेना.

साधारण वर्षानंतर संस्थेनं मला नव्या बायकांपुढं रंगाच्या कोपऱ्यावर बोलायला बोलावलं. मी विटा सांगितल्या, शर्ट सांगितले, घमेली सांगितली. तीस-पस्तीस बायका माना खाली घालून लिहून घेत होत्या. एक तरुण मुलगी उठली आणि म्हणाली, "ताई, हे तुम्हाला कसं सुचलं?" मी उत्तर दिलं, काय दिलं ते आता आठवत नाही, पण मावशींचं नाव त्यात नव्हतं. घरी आले आणि मला माझीच किळस आली. त्याच संध्याकाळी मी संस्थेला पत्र लिहिलं. तीट सगळ्या चित्रांना लावायला मीच सांगितलं होतं, मदतनीसांना मी कधीच मना केलं नव्हतं, पर्यवेक्षिकांना मी खोटं सांगितलं, गयाबाईंना परत इथं आणावं. पोच आली. 'नोंद घेतली आहे' असं दोन ओळींचं उत्तर आलं. मला कुणी रागावलंसुद्धा नाही.

त्या पत्राची नक्कल घेऊन मी एका शनिवारी एसटीनं करमाडला गेले. मनात असं होतं की मावशींना ती वाचून दाखवावी, म्हणजे त्यांना कळेल की आता सगळं स्वच्छ झालं. थोडं असंही होतं की त्या माझ्या पाठीवरून हात फिरवतील. खोटं कशाला बोलू.

शाळा सुटत आली होती. मावशी ओट्यावर बसून पोरांच्या चपला जोडीनं लावत होत्या. थोड्या वाळल्या होत्या. मला पाहून उठल्या, "या बाई, कवा आलात?" म्हणाल्या, आतून सतरंजीचा तुकडा आणून टाकला. मी सासूबाईंची चौकशी केली.

"हाय पिशोरला. मी जाते महिन्यातून येकदा. आता वळखत नाय मला. कोन बाई आली, म्हनती."

मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. सगळं, एक ओळही न गाळता. मावशी चपला जुळवत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कवा लिव्हलं हे?"

"मागच्या महिन्यात."

"हं."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? मीच सांगितलं होतं, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

मावशींनी एक चप्पल हातात धरली, तिचा जोड शोधला आणि शेजारी ठेवली. रागावल्या नव्हत्या. आवाज रोजचाच होता.

"मी कशाला बोलू, बाई? मी तुमच्याकडं बघत व्हते. मला वाटलं, आता म्हनताल, मंग म्हनताल. तुमी फळ्याकडं बघत व्हत्या."

त्यांचं खरं होतं. मी फळ्याकडं बघत होते, काहीतरी वाचत असल्यासारखी, आणि फळा त्या दिवशी पुसलेला होता.